परक्या विमानतळावर पहिल्यांदा विमान बदलताना

परक्या देशाच्या विमानतळावर पहिल्यांदा उतरलं की दोन गोष्टी लगेच अंगावर येतात. एक म्हणजे आकार. चालत राहावं तरी कॉरिडॉर संपत नाही. दुसरी म्हणजे आजूबाजूच्या सगळ्यांना कुठे जायचं ते पक्कं ठाऊक आहे आणि आपणच तेवढे बावचळलोय, ही भावना. ती खरी नसते. झपाझप चालणाऱ्यांपैकी बरेच जण नुसते पुढच्याच्या मागे निघालेले असतात आणि पुढचा कदाचित त्याच शहरात उतरणारा असतो. त्याच्यामागे गेलात तर पुढचं विमान पकडायचं सोडून इमिग्रेशनच्या रांगेत उभे राहाल.

गोंधळ टाळायचा तर एकच गोष्ट डोक्यात पक्की ठेवायची. विमानतळाच्या मधोमध इमिग्रेशनची रेघ असते. रेघेच्या अलीकडे असताना तुम्ही त्या देशात अजून प्रवेश केलेला नसतो. पलीकडे गेलात की व्हिसा, कस्टम्स, सामान, पुन्हा चेक-इन हे सगळं मागे लागतं. म्हणून प्रत्येक वळणावर स्वतःला विचारायचं: मला ही रेघ ओलांडायची आहे का? भाषा येत नाही म्हणून फारसं कुणाचं अडत नाही. या प्रश्नाचं उत्तर आधी ठरवलेलं नसेल तर मात्र अडतं.

तिकीट काढण्याआधी

हे उत्तर तिकिटातच ठरतं. दोन्ही विमानं एकाच बुकिंगवर, म्हणजे एकाच पीएनआरवर असतील तर सामान सहसा थेट शेवटच्या ठिकाणी जातं आणि पहिलं विमान उशिरा पोचल्यामुळे दुसरं चुकलं तर पुढची सोय करणं ही विमान कंपनीची जबाबदारी असते. दोन वेगवेगळी तिकिटं काढली असतील तर यातलं काही गृहीत धरता येत नाही. बॅग घ्यायला बहुधा रेघ ओलांडावी लागते, त्यासाठी त्या देशाचा व्हिसा लागू शकतो, मग बाहेर येऊन पुन्हा चेक-इन. पहिलं विमान उशिरा आलं तर दुसरी कंपनी सरळ सांगते, ‘तुम्ही वेळेत आला नाहीत.’ वेगळी तिकिटं स्वस्त पडतात हे खरं, पण पहिल्याच परदेशप्रवासात हा उद्योग करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरं, शहराचं नाव बघून बुकिंग करू नका, विमानतळाचं नाव बघा. लंडनला हीथ्रो, गॅटविक, स्टॅनस्टेड, ल्यूटन असे अनेक विमानतळ आहेत. टोकियोला नारिता आणि हानेदा, पॅरिसला शार्ल द गोल आणि ऑर्ली, इस्तंबूलला मुख्य विमानतळ युरोपच्या बाजूला आणि सबिहा गोकचेन आशियाच्या बाजूला. एका ठिकाणी उतरून दुसरीकडून उडायचं असेल तर ते विमान बदलणं राहत नाही, शहर ओलांडणं होतं. आणि त्यासाठी व्हिसा लागतो तो वेगळाच.

तिसरा मुद्दा ट्रान्झिट व्हिसाचा, म्हणजे नुसतं विमान बदलण्यासाठीही काही ठिकाणी लागणाऱ्या व्हिसाचा. नियम तुमचा पासपोर्ट कोणत्या देशाचा आहे आणि विमान कोणत्या देशात बदलताय, या दोन गोष्टींवर ठरतो. काही उदाहरणं नीट समजून घ्यावीत अशी आहेत.

अमेरिकेत नुसतं विमान बदलायचं असलं तरी सर्वसाधारणपणे इमिग्रेशन करावंच लागतं. रेघेच्या अलीकडूनच दुसऱ्या देशाला निघून जायची सोय तिथे गृहीत धरू नये. म्हणजे व्हिसा किंवा, तुमच्या पासपोर्टला चालत असेल तर, एस्टा (व्हिसाऐवजी चालणारी ऑनलाइन पूर्वपरवानगी) हवा. शिवाय बॅग बहुतेक वेळा पहिल्याच अमेरिकी विमानतळावर पट्ट्यावरून उचलून, कस्टम्समधून नेऊन पुन्हा जमा करावी लागते, मग टॅगवर पुढचं शहर छापलेलं का असेना.

युरोपात शेंगेन देशांचा, म्हणजे आपसातल्या सीमांवर सहसा पासपोर्ट न तपासणाऱ्या देशांच्या गटाचा, घोळ वेगळा. समजा तुम्ही शेंगेनबाहेरून फ्रँकफर्टला उतरून पुढे रोमला जाताय. इमिग्रेशन फ्रँकफर्टलाच होतं. रोमला तुम्ही देशांतर्गत प्रवाशासारखे बाहेर पडता. म्हणजे दोन विमानांमधल्या वेळेतून ती रांग वजा करायची. ऑक्टोबर २०२५ पासून युरोपच्या सीमांवर बाहेरच्या देशांच्या प्रवाशांचे बोटांचे ठसे आणि फोटो घेणारी नवी नोंदणी पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे, त्यामुळे पहिल्यांदा जाणाऱ्याने थोडा वेळ आणखी धरावा. शेंगेनला फक्त स्पर्श करून तिसऱ्याच देशात जाणाऱ्यांची रेघ ओलांडायची वेळ येत नाही. तरीही काही देशांच्या नागरिकांना विमानतळापुरता ट्रान्झिट व्हिसा लागतो. ब्रिटनमध्येही असाच प्रकार आहे.

हे सगळं ओळखीच्या माणसाला विचारून ठरवू नका. त्याचा पासपोर्ट, त्याचा मार्ग आणि त्याचं वर्ष वेगळं असतं. दूतावासाची वेबसाइट बघा आणि विमान कंपनीला विचारा. चेक-इन काउंटरवरचे कर्मचारी टिमॅटिक नावाच्या डेटाबेसमध्ये तुमच्या पासपोर्टसाठीचे नियम तपासतात. तिथे ‘नाही’ आलं तर निघायच्या आधीच प्रवास थांबतो. पासपोर्टची मुदतही बघून ठेवा, कारण बरेच देश पुढचे सहा महिने शिल्लक मागतात.

मध्ये वेळ किती ठेवावा? प्रत्येक विमानतळ विमान बदलण्यासाठी लागणारा किमान वेळ जाहीर करतो आणि तिकीट विकणारी यंत्रणा त्यावरच चालते. व्हिएन्नाचा विमानतळ काही जोडण्यांसाठी अवघी २५ मिनिटं पुरतात असं अभिमानाने सांगतो. सगळं सुरळीत झालं तर पुरतातही. नवख्या माणसाने मात्र अडीच-तीन तासांच्या खाली जाऊ नये आणि मध्ये अमेरिकेचं इमिग्रेशन असेल तर चार तास धरावेत. उलट, थांबा २४ तासांच्या वर गेला तर सामान थेट जाईलच असं समजू नये.

निघताना काउंटरवर

बॅगेला लावतात ती लांब कागदी पट्टी एकदा नीट वाचा. ठळक मोठ्या तीन अक्षरांत जो कोड असतो तो बॅगेचा शेवटचा मुक्काम. मधल्या विमानतळाचा कोड लहान अक्षरांत असतो. बारकोडजवळ दहा आकडी नंबर असतो आणि तोच नंबर असलेली छोटी चिकटपट्टी तुमच्या बोर्डिंग पासवर किंवा पासपोर्टच्या मागे लावून देतात. ठळक कोड तुमच्या शेवटच्या शहराचा असेल तर मध्ये बॅग शोधायची गरज नाही, अमेरिकेसारखे अपवाद सोडून. वेगळा असेल तर तिथल्या तिथे विचारायचं. पट्टीचा आणि बॅगेचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा आणि मागच्या प्रवासातल्या जुन्या पट्ट्या फाडून टाका, नाहीतर स्कॅनर चुकीचा बारकोड वाचू शकतो.

बोर्डिंग पास दोन्ही विमानांचे मागायचे. दुसरा मिळाला नाही तर तो मधल्या विमानतळावर ट्रान्स्फर डेस्कवर (विमान बदलणाऱ्यांसाठीच्या काउंटरवर) घ्यावा लागेल, हे लक्षात ठेवायचं.

पॉवर बँक हातातल्या बॅगेतच ठेवायची, चेक-इनच्या बॅगेत कधीच नाही. मर्यादा १०० वॉट-अवरची आहे. पॉवर बँकेवर वॉट-अवर छापलेले नसतील तर मिलीअँपिअर-अवरच्या आकड्याला ३.७ ने गुणून १००० ने भागायचं: २०,००० ची पॉवर बँक ७४ भरते, म्हणजे चालते. १०० ते १६० मधलीला कंपनीची परवानगी लागते. काही कंपन्यांनी विमानात ती वापरायलाही बंदी केली आहे.

औषधं मूळ वेष्टनात आणि डॉक्टरच्या चिठ्ठीसह घ्या. सर्दीच्या गोळ्यांत सापडणारं स्यूडोएफेड्रिन १० टक्क्यांहून जास्त असेल तर जपानमध्ये नेता येत नाही. कोडीन आणि ट्रॅमाडॉल असलेली औषधं संयुक्त अरब अमिरातीत नियंत्रित आहेत. थांबा फक्त विमानतळावरचा असला तरी विमान रद्द होऊन शहरात मुक्काम पडू शकतो.

विमानाचं दार उघडल्यावर

विमान धावपट्टीवर टेकलं की लगेच उभं राहून काही मिळत नाही. बसल्या बसल्या घड्याळ लावा. फोनवरची वेळ आपोआप बदलेल या भरवशावर राहू नका: रोमिंग नसेल तर फोन निघालेल्या ठिकाणचीच वेळ दाखवत राहू शकतो. तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या ठिकाणची स्थानिक वेळ असते आणि फलकांवर ती २४ तासांच्या घड्याळात लिहितात.

बाहेर आल्यावर थोड्याच वेळात रस्ता फुटतो. अख्ख्या प्रवासातली सगळ्यात महत्त्वाची जागा हीच. एका बाणावर लिहिलेलं असतं ‘अरायव्हल्स’, ‘बॅगेज क्लेम’ किंवा ‘पासपोर्ट कंट्रोल’. दुसऱ्यावर ‘ट्रान्स्फर’, ‘ट्रान्झिट’ किंवा ‘फ्लाइट कनेक्शन्स’. पहिला बाण रेघेकडे नेतो, दुसरा रेघेच्या अलीकडेच ठेवतो. हीथ्रोवर दुसऱ्या बाणाच्या पाट्या जांभळ्या असतात. अ‍ॅमस्टरडॅमच्या स्किपोलवरच्या पिवळ्या पाट्या तर या कामाचा नमुना मानल्या जातात. (आज जगभर पाट्यांवर दिसणारा फ्रुटिगर हा टाइप मुळात १९७० च्या दशकात पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळासाठी बेतलेल्या अक्षरांवरून घडला. लांबून, चालता चालता, तिरक्या कोनातून वाचता यावा म्हणून.) पाटी वाचायला थांबायचं असेल तर भिंतीच्या कडेला थांबा. सरकत्या जिन्याच्या तोंडाशी थबकणारा प्रवासी सगळ्यांच्याच रागाचा धनी होतो.

शंका आली तर गणवेशातल्या माणसाला बोर्डिंग पास दाखवा आणि नुसतं ‘ट्रान्स्फर?’ म्हणा. व्याकरणाची गरज नाही. ते दिवसभर हेच उत्तर देत असतात.

कधी कधी विमान इमारतीला लागतच नाही, शिडीने उतरून बसने जावं लागतं. कधी टर्मिनल बदलायचं असतं: हीथ्रोवर त्यासाठी आतूनच बस आहेत, दुबईच्या टर्मिनल ३ मध्ये ए विभागाच्या गेटकडे जायला ट्रेन घ्यावी लागते. गेटचं अक्षर म्हणजे गल्ली, आकडा म्हणजे घर. गल्ली चुकली तर परत फिरायलाच पंधरा-वीस मिनिटं जातात.

पुन्हा तपासणी

निघताना तपासणी झाली होती, मग पुन्हा कशाला, असं वाटतं खरं. पण बऱ्याच ठिकाणी ट्रान्स्फरच्या प्रवाशांचीही होते. द्रवपदार्थांची १०० मिलीलीटरची मर्यादा २००६ मध्ये लंडनमधून निघणाऱ्या विमानांवरचा हल्ल्याचा कट उघड झाल्यानंतर आली: प्रत्येक बाटली १०० मिलीलीटरपर्यंतची आणि सगळ्या मिळून एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत. बाटली २०० ची आणि आत तळाला थोडंसंच असलं तरी चालत नाही, मोजतात ती बाटली. नवे स्कॅनर बसवलेल्या काही विमानतळांनी नियम सैल केलेत, पण एका ठिकाणी चाललं म्हणून दुसरीकडे चालेल असं नाही.

फटका बसतो तो ड्युटी फ्रीमधून घेतलेल्या अत्तराच्या किंवा मद्याच्या बाटलीला. दुकानदार ती पावतीसकट एका सीलबंद पारदर्शक पिशवीत देतो. ही पिशवी शेवटच्या मुक्कामापर्यंत फोडायची नाही. फोडलीत तर पुढच्या तपासणीत बाटली टोपलीत जाते. थेट विमान नसेल तर असली खरेदी शेवटच्या विमानतळावरच करावी.

ट्रेमध्ये काय काढून ठेवायचं ते प्रत्येक विमानतळाचं वेगळं असतं. लॅपटॉप इथे बाहेर, तिथे आतच. बूट कधी काढायचे, कधी नाहीत. पुढचा माणूस काय करतोय ते बघा आणि तसंच करा. ट्रे किती ठेवले ते मोजा, तेवढेच उचला. घड्याळ, फोन, पाकीट खिशातून काढून आधीच हातबॅगेत टाकलेलं बरं, सुटं ट्रेमध्ये ठेवलं तर तिथेच विसरतं.

सिंगापूरच्या चांगीवर एक गंमत आहे. तिथे टर्मिनल १, २ आणि ३ मध्ये तपासणी थेट गेटपाशी होते. म्हणजे दुकानांतून फिरताना घेतलेली पाण्याची बाटली गेटच्या दारात रिकामी करावी लागते आणि गेटवर जरा लवकर पोचावं लागतं.

आधी गेट, मग बाकी सगळं

तपासणीतून बाहेर पडलात की बहुतेक मोठ्या विमानतळांवर रस्ता मुद्दाम दुकानांमधून वळवून काढलेला असतो. दुकान समोर येतं, गेट मात्र शोधावं लागतं. म्हणून माझा नियम: आधी गेटपर्यंत चालत जायचं, ते डोळ्यांनी बघायचं, किती वेळ लागला ते लक्षात ठेवायचं आणि मग मागे येऊन हवं ते करायचं. दोहाच्या हमद विमानतळावरचं पिवळ्या अस्वलाचं ते अवाढव्य शिल्प गेट सापडल्यावरही तिथेच बसलेलं असतं.

मोठा फलक वाचताना शहराचं नाव शोधू नका, विमानाचा क्रमांक शोधा. एकाच शहराला तासाभरात दोन-तीन विमानं असू शकतात. तुमचा क्रमांक दिसत नसेल तर थोडं थांबा: एकाच विमानावर दोन-तीन कंपन्यांचे क्रमांक असतात आणि फलक ते आळीपाळीने दाखवतो. गेट अजून आलं नसेल तर घाबरायचं कारण नाही, काही विमानतळ ते उड्डाणाला जेमतेम तासभर उरल्यावर जाहीर करतात. बोर्डिंग पासवर छापलेलं गेट हे छापलं तेव्हाचं असतं. खरं गेट फलकावरचं.

तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हलण्याची असते. गेट सहसा त्याच्या पंधरा ते वीस मिनिटं आधी बंद होतं. फलकावर ‘फायनल कॉल’ आलं की पळायचं. आपल्या नावाची घोषणा होईल म्हणून वाट बघत बसू नका. अनेक विमानतळांनी घोषणा जवळपास बंद केल्या आहेत, तिथे शांतता असते आणि त्या शांततेत विमान निघून जातं.

रेघ ओलांडायचीच असेल तर

रांगा वेगवेगळ्या असतात: त्या देशाच्या नागरिकांची वेगळी, परदेशी पासपोर्टवाल्यांची वेगळी, मशीनच्या गेटची आणखी वेगळी. चुकीच्या रांगेत अर्धा तास काढून परत पाठवलं जाण्यापेक्षा आधी पाटी वाचा. फोन खिशात ठेवा, या भागात फोटो काढायला बहुतेक ठिकाणी मनाई असते. पासपोर्टचं कव्हर काढून ठेवा. पुढचं तिकीट आणि हॉटेलचा पत्ता कागदावर हवा, कारण नेमकं तेव्हाच वायफाय जोडलं जात नाही. अधिकारी विचारेल तेवढंच उत्तर द्या: कुठे चाललाय, किती दिवस, कुठे राहणार. विनोद नको, जास्तीची माहितीही नको.

त्यानंतर कस्टम्सची हिरवी आणि लाल वाट. काही जाहीर करायचं असेल तर लाल. खाण्याच्या वस्तूंबाबत शंका असेल तर सरळ सांगून टाका, जास्तीत जास्त ती वस्तू काढून घेतील. न सांगता सापडली तर दंड: न्यूझीलंडमध्ये तो जागच्या जागी ४०० न्यूझीलंड डॉलर आहे. युरोपीय संघात १०,००० युरो किंवा त्याहून जास्त आणि अमेरिकेत १०,००० डॉलरपेक्षा जास्त रोकड नेताना सांगावंच लागतं.

थांबा लांब आहे म्हणून मजेखातर बाहेर पडायचं असेल तरी हेच सगळं. चांगीच्या शेजारच्या ज्युएल या मॉलमधला ४० मीटरचा धबधबा जवळून बघायचा तर इमिग्रेशन करून बाहेर जावं लागतं आणि परत यायचं तर पुन्हा सगळ्या तपासण्या. व्हिसा नसेल तर टर्मिनल २ आणि ३ मधल्या ट्रेनच्या काचेतून तो ओझरता दिसतो, तेवढ्यावर समाधान.

बसून काढायचे तास

वायफायला नोंदणी करताना ओटीपी मागतात आणि रोमिंग नसेल तर तो येत नाही. अशा वेळी पासपोर्ट स्कॅन करून कोड देणारं मशीन किंवा माहिती काउंटर शोधा. तिकिटं, व्हिसा, हॉटेलचा पत्ता हे निघण्याआधीच फोनमध्ये उतरवून ठेवा. चीनमध्ये विमान बदलणार असाल तर स्थानिक वायफायवर गुगल आणि व्हॉट्सअ‍ॅप चालत नाहीत, घरच्यांना तसं आधी सांगा.

कार्डाने पैसे देताना मशीन विचारतं, स्थानिक चलनात की तुमच्या? नेहमी स्थानिक. दुसरा पर्याय सोयीचा वाटतो, पण त्यातला दर तुमच्या सोयीचा नसतो. विमानतळावरच्या विनिमय काउंटरवरही तेच. झोपायचं असेल तर बॅगेचा पट्टा हाताला गुंडाळून आणि गजर दोनदा लावून, आपल्या गेटच्या आसपासच.

एकट्याने जाणारे आई-वडील असतील तर व्हीलचेअर मागून घ्या, प्रवासाच्या किमान ४८ तास आधी. अंतर लांब असतं आणि माणूस सोबत असला की पाट्या वाचायचा प्रश्नच उरत नाही. यात कमीपणा वाटायचं कारण नाही.

बिघडलं तर

विमान चुकलं तर बाहेरच्या दिशेने जाऊ नका. रेघेच्या अलीकडेच राहा आणि त्या कंपनीचा ट्रान्स्फर डेस्क गाठा. रांगेत उभं असतानाच अ‍ॅपवर किंवा फोनवर पुढच्या विमानाचा प्रयत्न सुरू ठेवा, बऱ्याचदा तो रांगेआधी मार्गी लागतो. जेवणाची आणि मुक्कामाची सोय स्वतःहून विचारा. हॉटेल शहरात देत असतील तर व्हिसाचं काय, हेही तिथेच विचारा. काही मोठ्या विमानतळांवर अलीकडच्या बाजूलाच हॉटेल असतं. युरोपीय संघातल्या विमानतळावरून निघणारा प्रवास असेल तर २००४ चा २६१ क्रमांकाचा नियम तुमच्या बाजूने आहे: कंपनीच्या चुकीने शेवटच्या ठिकाणी तीन तास किंवा जास्त उशीर झाला तर अंतरानुसार २५० ते ६०० युरो भरपाई मागता येते.

शेवटच्या ठिकाणी पट्टा थांबला आणि बॅग आली नाही, तर कस्टम्समधून बाहेर पडण्याआधी बॅगेज काउंटरवर जा. पट्टीचा तो फोटो आणि दहा आकडी नंबर आता कामी येतात. तक्रारीचा लेखी अहवाल आणि त्याचा क्रमांक घेतल्याशिवाय हलू नका. बॅग फुटलेली मिळाली तर विमानप्रवासाबद्दलच्या आंतरराष्ट्रीय मॉन्ट्रियल करारानुसार सात दिवसांत लेखी तक्रार करायची असते, उशिरा मिळाली तर हाती आल्यापासून २१ दिवसांत. मधल्या काळात घेतलेल्या कपड्यांच्या आणि साबण-पेस्टच्या पावत्या जपून ठेवा, खर्च मागताना त्या लागतात.